पन्नास मिनिटांची वामकुक्षी

प्रज्ञा गांगुर्डे व्यवस्थापक झाली त्या दिवशी तिनं दीड किलो पेढे वाटले. सातपूरच्या ऑफिसात वाटले, सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर वाटले, खालच्या इस्त्रीवाल्याला दोन जास्त दिले. शीतवेल एक्स्पोर्ट्स ही तिची कंपनी नाशिकची द्राक्षं परदेशी पाठवायची. त्या दिवसापर्यंत ती तिथं 'नियोजन सहायक' होती, आता ओळखपत्रावर 'सहायक व्यवस्थापक' असं छापून आलं. काम तेच, खुर्ची तीच, खुर्चीचं मोडकं चाकही तेच. हाताखाली माणूस एक नाही. फरक एवढाच, की सहायक साडेपाचनंतर थांबला तर त्याला जादा तासांचे दुप्पट पैसे मिळायचे आणि व्यवस्थापकाला ते मिळत नसत. कायद्याच्या लेखी व्यवस्थापक म्हणजे दुसऱ्यांवर देखरेख करणारा, आणि देखरेख करणाऱ्याला कसला आलाय ओव्हरटाइम! तर बाईंनी स्वतःचा ओव्हरटाइम गेल्याचे पेढे वाटले. हसू नका. त्या वर्षी शीतवेलमध्ये अकरा जण एकदम व्यवस्थापक झाले आणि अकराही जणांनी पेढे वाटले.

या भानगडीतली गोम फक्त तिच्या नवऱ्याच्या ध्यानात आली. दिगंबर महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होता, म्हणजे ठरल्या वेळी रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून, लांब चावी फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडणारा.

"म्हणजे आता मी मजूर आणि तू साहेब," पेढा तोंडात टाकत तो म्हणाला. "माझा तास जास्त झाला तर पालिका पैसे मोजते. तुझा जास्त झाला तर तुझ्या त्या मनुष्यबळवाल्या बोरा मॅडम शाब्बास म्हणतील. चांगलंय."

"तुम्हाला कशाचंच कौतुक नाही," प्रज्ञा म्हणाली.

"आहे ना. म्हणून तर दुसरा घेतोय." आणि त्यानं खरंच दुसरा पेढा उचलला.

त्यानंतर तीन वर्षांनी, मार्चमध्ये, ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये तो गेला. संध्याकाळी साडेसहाला घरात बसल्या बसल्या छातीत कळ आली. शेजारच्या काकूंनी प्रज्ञाला एकोणीस फोन केले. नियोजनाच्या हॉलमध्ये फोन न्यायला बंदी होती, तो बाहेर लॉकरमध्ये वाजत राहिला. ती बाहेर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिला कुणी बोल लावला नाही, तिनंही स्वतःला तोंडानं कधी लावला नाही. फक्त ती ऑफिसात आणखी उशिरापर्यंत बसायला लागली, कारण घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न साडेपाच वाजले की समोर येऊन उभा राहायचा.

पुढे दोन हजार एकेचाळीस साली शीतवेलमध्ये ते यंत्र आलं.

आता जरा शास्त्राचं बोलू, थोडक्यात. माणूस झोपला तरी मेंदू हातावर हात ठेवून बसत नाही, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीला, बोटाएवढा वळलेला एक भाग असतो. दिवसभरात पाहिलेलं-केलेलं तिथं तात्पुरतं साठतं आणि डोळा लागला की मेंदू ते पुन्हा चालवून बघतो, तेही कितीतरी पट वेगानं. दिवसा बोळकांड्यांतून फिरलेला उंदीर झोपेत त्याच बोळकांड्या पुन्हा फिरतो आणि न पाहिलेल्या वाटाही जोडून बघतो. दुसरी गोष्ट अशी, की जागेपणी काही शिकताना एखादा आवाज ऐकवला आणि झोपेत तोच आवाज हळूच पुन्हा ऐकवला, तर मेंदू नेमकं तेच प्रकरण उघडून बसतो.

या दोन गोष्टी जोडून कुणीतरी एक पट्टी बनवली. कपाळाला बांधायची, कानाशी बारीक आवाज करणारी आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी. शीतवेलचं रोजचं कोडं मोठं होतं. एकशे चाळीस पॅकहाऊस, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेड, तीनशे थंड कंटेनर आणि बंदरावरची एक बोट. कुठली गाडी कुठं, कधी, कुणानंतर लावायची, याच्या लाख मांडण्या कॉम्प्युटर मिनिटात करून दाखवायचा. पण कुठला शेडमालक जेवणाच्या वेळी गेट उघडत नाही, आठवडे बाजाराला कुठली वाट तुंबते, कुठले दोन ड्रायव्हर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? ते वीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाच्या डोक्यात असतं, आणि विचारलं तर त्या माणसालाही धड सांगता येत नाही. झोपेत मात्र ते सगळं सुटं होऊन आपसूक जुळतं. जुळलं की मेंदूत एक बारीकशी लहर उठते, पट्टी ती पकडते आणि कॉम्प्युटरला सांगते, ही मांडणी घे. सगळ्यात चांगलं जुळतं ते डोळा नुकता लागत असताना, अर्ध्या जागेपणात अर्ध्या झोपेत. म्हणजे आपल्याकडे जेवणानंतर जी लागते ती.

मनुष्यबळ विभागाच्या चैताली बोरा यांनी हसतमुखानं घोषणा केली, की कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी म्हणून कंपनी वामकुक्षी कक्ष उघडत आहे. थंड खोली, निळसर पडदे, अकरा पलंग. दुपारी दीड ते दोन वाजून वीस मिनिटं. पट्टीचं नाव ठेवलं 'विश्राम'. तिच्या दोन वायरी दोन्ही कानशिलांवरून खाली लोंबायच्या, त्यामुळे ऑफिसात तिला पहिल्याच दिवशी मुंडावळ्या हे नाव पडलं. दीड वाजला की कुणीतरी म्हणायचं, "चला, बाशिंग बांधा." आणि अकरा व्यवस्थापक मुंडावळ्या बांधून ओळीनं आडवे व्हायचे.

आणि हो, एक बारीक अक्षरातला नियम होता. ही पन्नास मिनिटं विश्रांतीची, म्हणून ती संध्याकाळी भरून द्यायची. साडेपाचला सुटणारं ऑफिस कागदावर सहा वीसला सुटायला लागलं. प्रत्यक्षात सीझनला ते आठच्या आत कधीच सुटत नव्हतं, ते वेगळं.

प्रज्ञाला झोप फार लवकर लागायची. सकाळी पॅकहाऊसच्या याद्या बघताना कानात आवाज पेरले जायचे. दिंडोरीकडच्या शेडना घुंगरू, निफाडकडच्यांना पाण्याचा थेंब, वणीकडच्यांना लाकडावरची टिचकी. दुपारी पडल्या पडल्या तेच आवाज लांबून यायला लागायचे. घुंगरू, थेंब, थेंब, टिचकी. मग पलंग हळूहळू उताराला लागल्यासारखा व्हायचा आणि ती एका रस्त्यावर उभी असायची.

रस्ता कुठला ते तिला कधी कळलं नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, त्यांच्या पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड, आणि समोर एक भलंमोठं गेट. गेटाला भिंत नव्हती, नुसतं गेट. त्याच्यापुढे पांढऱ्या कंटेनरांची रांग टेकडीपर्यंत गेलेली, आणि इंजिनाचा आवाज अजिबात नाही. गाड्या चालायच्या त्या पाण्यावरून सरकल्यासारख्या. थंडगार पुठ्ठ्याचा वास यायचा. प्रत्येक ड्रायव्हर तिच्याजवळ येऊन काच खाली करायचा आणि विचारायचा, "मॅडम, गेट नंबर?" तिच्या तोंडून आकडा निघायचा, गाडी सरकायची, आणि लांब कुठंतरी घुंगरू वाजायचं.

दुसऱ्या आठवड्यात एका गाडीची काच खाली झाली आणि आत दिगंबर होता.

तोच खाकी शर्ट, तोच उजव्या भुवईवरचा व्रण. दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिऱ्हाईताकडे बघावं तसं, आणि म्हणाला, "मॅडम, गेट नंबर?"

"अहो, मी," प्रज्ञा म्हणाली.

"मॅडम, गाड्या मागं थांबल्यात."

तिच्या तोंडून आकडा निघून गेला आणि त्याची गाडी पानांच्या उजेडात सरकत गेली. ती जागी झाली तेव्हा उशी ओली होती. कॉम्प्युटरनं त्या दिवशीची मांडणी आजवरची सर्वांत उत्तम म्हणून नोंदवली आणि बोरा मॅडम शाब्बास म्हणाल्या.

तो का आला, याचं उत्तर तसं सोपं होतं. वेळेवर उघडायचं, वेळेवर बंद करायचं, कुणाला आधी, कुणाला नंतर, हे सगळं प्रज्ञाच्या डोक्यात दिगंबरशीच बांधलेलं होतं. सोळा वर्षं ती त्याच्याकडून तेच ऐकत होती. पट्टीनं ती गाठ सोडायला घेतली की तो यायचाच. तोवर तीन वर्षांत तो तिला स्वप्नात एकदाही दिसला नव्हता. आता रोज दिसायला लागला, रविवार सोडून. झोपेतून उठल्यावर एका ओळीचा फॉर्म भरायचा असे: 'काय दिसलं?' प्रज्ञा लिहायची, 'गाड्या, रांग, गेट. ड्रायव्हरांना सूचना देत होते.' दिगंबरबद्दल तिनं चौदा महिन्यांत एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं तर कुणीतरी दुरुस्ती करेल, कामात अडथळा म्हणून त्याला पुसून टाकेल, अशी तिला धास्ती होती.

मग सकाळी ती केसांना नीट तेल लावायला लागली. चांगल्या साड्या काढल्या. स्वप्नात तिच्या अंगावर काय असायचं ते तिला आठवत नसे, तरी काढल्या. शेजारच्या पलंगावरचा इरफान मणियार ते बघायचा आणि बिचारा काही विचारायचा नाही.

हा इरफान तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, जिभेनं जरा तिखट. त्याची मुलगी सुहाना चार वर्षांची होती आणि ती त्याला 'रविवारवाले अब्बू' म्हणायची. एका दुपारी डबा खाताना तो म्हणाला, "ताई, मी आता घरी झोपलो तरी गाड्याच लावतो. परवा सुहाना तिच्या आईला विचारत होती, अब्बू झोपेत कोणावर ओरडतायत. मी कामगार आयुक्तांकडे तक्रार करतोय. झोप हे काम आहे, ते कामाच्या तासांत धरा, आणि जास्तीच्या तासांचे दुप्पट पैसे द्या."

"आपण व्यवस्थापक आहोत ना पण," प्रज्ञा म्हणाली.

"कुणाचे? माझ्या हाताखाली कोण आहे सांगा. मी या डब्याचा व्यवस्थापक आहे फार तर." त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "बाकीचे नऊ सही करतात. पण तुमची साक्ष पाहिजे ताई. कंपनीची निम्मी मांडणी तुमच्या झोपेतून निघते. तुम्ही बोललात तर ऐकतील."

प्रज्ञा विचार करून सांगते म्हणाली. दोन दिवसांनी बोरा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, स्वतः कप तिच्यापुढे सरकवला.

"प्रज्ञाताई, मी तुम्हाला घाबरवत नाहीये हं. पण निकाल तक्रारीच्या बाजूनं लागला तर कक्ष बंद होणार. दुप्पट दरानं झोप विकत घेणं परवडत नाही, वरून स्पष्ट सांगितलंय. तुमच्यासाठीच वाईट वाटतं मला. इतकं सुख लागतं तुम्हाला तिथं. उठता तेव्हा चेहरा बघा तुमचा."

प्रज्ञानं कप परत बशीत ठेवला. बोरा मॅडमना दिगंबरबद्दल काहीच माहीत नव्हतं, त्या आपल्या सहज बोलून गेल्या होत्या. पण हिशेब सरळ होता. साक्ष दिली तर तो परत जाणार. नाही दिली तर इरफानची मुलगी शाळेत जायला लागेल, कॉलेजात जाईल, आणि इरफान रविवारीच बाप राहील.

त्या दुपारी ती पट्टी बांधून पडली. घुंगरू वाजलं, उतार लागला, उजेड आला. आठव्या गाडीत तो होता. रोजच्यासारखा तिनं दाराचा दांडा धरला.

"अहो, खाली उतरा ना. घरी चला."

"मॅडम, गेट नंबर."

"थकलात तुम्ही. बघा, डोळे बघा तुमचे."

त्याचे डोळे खरोखर लाल होते. तिनं याआधी कधी ते पाहिलेच नव्हते, रोज नुसतं तोंड बघून जीव भरून घेत होती. आता तिला दिसलं, की त्याची मान ताठरलीय, बोटं स्टिअरिंगवर आवळून पांढरी पडलीत. तो मान खाली घालून म्हणाला, "नंबर द्या मॅडम, मला अजून बऱ्याच खेपा आहेत." तिनं नंबर दिला.

सुनावणी सकाळी अकराला होती. सहायक कामगार आयुक्तांच्या खोलीत टेबलावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं आणि डोक्यावर सावकाश फिरणारा पंखा. आयुक्त म्हणजे तडवी मॅडम, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कंपनीकडून ॲडव्होकेट बेदरकर आले होते. आवाज गोड आणि फाईल जाड.

"मॅडम, झोप म्हणजे विश्रांती," बेदरकरांनी सुरुवात केली. "विश्रांतीत कुणाला काही सुचलं तर तो योगायोग. उद्या एखाद्याला आंघोळ करताना सुचलं, तर आंघोळीचा ओव्हरटाइम द्यायचा का?"

"आंघोळीला डोक्याला पट्टी बांधत नाहीत हो वकीलसाहेब," तडवी मॅडम म्हणाल्या. "आणि त्या आंघोळीतून निघालेल्या वेळापत्रकावर तीनशे गाड्या पळवत नाहीत. पुढं बोला."

इरफान खाली बघून हसला. बेदरकरांना बहुधा हे अपेक्षित होतं. त्यांनी फाईल उघडली.

"ठीक आहे. घटकाभर धरून चालू, की ते काम आहे. तरी हे अकराही जण व्यवस्थापक आहेत. तक्रारदार म्हणतात, हाताखाली माणूस नाही. जागेपणी नसेल. पण हे बघा, श्रीमती गांगुर्डे यांचे स्वतःच्या अक्षरातले फॉर्म. 'ड्रायव्हरांना सूचना देत होते.' तीनशे सात फॉर्म, सगळ्यांत हेच. झोप हे काम असेल, तर त्या कामात या बाई रोज तीनशे लोकांना हुकूम सोडतात. व्यवस्थापक याहून वेगळा काय असतो?"

इरफानचा चेहरा उतरला. डाव उलटला होता, आणि तोही प्रज्ञाच्या सुवाच्य अक्षरामुळे.

तडवी मॅडमनी चष्मा वर केला. "गांगुर्डेबाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

प्रज्ञा उठून उभी राहिली. बसूनच बोला म्हणाल्या, तरी उभीच राहिली.

"फॉर्ममध्ये लिहिलंय ते खरं नाही, मॅडम. म्हणजे अर्धंच खरं आहे. मी कुणाला हुकूम सोडत नाही. ते विचारतात, मी आकडा सांगते. आकडा मी ठरवत नाही, तो तोंडातून निघतो. थांबवायचा म्हटलं तरी थांबत नाही."

"यावर पुरावा काय?" बेदरकरांनी विचारलं.

"एक ड्रायव्हर आहे. गेले चौदा महिने मी त्याला रोज सांगते, गाडी बंद करा, खाली उतरा, घरी चला. पाया पडून सांगितलंय. तो ऐकत नाही. तो नंबर मागतो आणि मला द्यावा लागतो. मी व्यवस्थापक असते तर एक माणूस तरी माझ्या सांगण्यावरून उतरला असता."

"कोण ड्रायव्हर?" तडवी मॅडमनी विचारलं.

"माझे मिस्टर. ड्रायव्हर नव्हते ते. पालिकेत व्हॉल्वमन होते. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

बेदरकरांनी फाईलवरचा हात काढून घेतला. इरफान तिच्याकडे बघतच राहिला, मग त्यानं मान वळवली. तडवी मॅडमनी ती फाईल आपल्याकडे ओढली.

"हे फॉर्ममध्ये कधी लिहिलं नाहीत?"

"रकाना एका ओळीचा होता. आणि लिहिलं असतं तर त्यांना काढून टाकलं असतं कुणीतरी. मला ते दिसायला हवे होते."

"बाई, तुम्हाला माहीत आहे ना, निकाल तुमच्या बाजूनं गेला तर कंपनी तो कक्ष बंद करेल? त्यांनी लेखी दिलंय तसं."

"माहीत आहे."

"मग तरी का सांगताय?"

प्रज्ञानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "माझा माणूस जन्मभर वेळेवर कामाला गेला आणि वेळेवर घरी आला, मॅडम. जास्तीचं काम केलं तर हक्कानं मांडून घेतलं. मी उशिरा यायची, ते कधी नाही. आता मेल्यावर मी त्यांना रोज पन्नास मिनिटं फुकट राबवतेय, मला बघायला मिळतं म्हणून. परवा त्यांचे डोळे बघितले मी. हे काम नाही असं कुणी म्हणू नये. माझं नाही म्हणा हवं तर, त्यांचं तरी आहे." एवढं बोलून ती बसली.

निकाल अकरा दिवसांनी आला, चार पानांचा. झोपेची पन्नास मिनिटं कामाचीच, ती तासांत धरावीत. अकराही जण फक्त नावाचे व्यवस्थापक, जादा तासांना दुप्पट मोबदला मिळावा, मागचाही मिळावा. आणि कुणाच्याही झोपेला त्याच्या राजीखुशीशिवाय पट्टी लावू नये. त्याच आठवड्यात पलंग हलवले, पडदे काढले आणि खोलीत पुन्हा जुनी रजिस्टरं ठेवली. साडेपाच वाजले की दिवे आपोआप मंद व्हायला लागले, कारण आता साडेपाचनंतरचा प्रत्येक तास कंपनीला टोचत होता. बोरा मॅडम दारात उभ्या राहून म्हणायच्या, "चला, निघा, निघा." इरफाननं ईदला घरी बोलावलं. सुहानानं दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "अब्बू, तुमची ताई आली." शीरखुर्म्याची वाटी प्रज्ञाच्या हातात देताना इरफानच्या बायकोनं ती क्षणभर परत घेतली. तिनं वाटीत आणखी एक पळी वाढली.

दिगंबर गेला तो गेलाच. प्रज्ञानं रविवारी दुपारी झोपून पाहिलं, पुण्याच्या मावशीनं पाठवलेलं ब्राह्मी तेल लावून पाहिलं, मोबाईलवर घुंगराचा आवाज लावूनही पाहिलं. डोळा लागायचा, उतार यायचा नाही. नुसती काळी, चांगली झोप लागायची, आणि उठल्यावर तिला भरपूर रडू यायचं. तिनं गाजावाजा केला नाही. साडेपाचला सुटून पावणेसहाला घरी पोचायचं, हे तिला आधी अंगावर यायचं. एवढी संध्याकाळ तिनं वीस वर्षांत पाहिली नव्हती. स्वयंपाकघरात त्या वेळी ऊन येतं, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. मग तिनं त्या उन्हात बसून भाजी निवडायला सुरुवात केली. शेजारच्या काकू येऊन बसायला लागल्या. एकदा त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी मी फार फोन केले गं तुला," आणि प्रज्ञा म्हणाली, "माहीत आहे काकू." चार वर्षांत दोघींनी तो विषय पहिल्यांदाच काढला होता.

श्रावणातल्या एका गुरुवारी ती घरी आली, पाय धुतले, चहा ठेवण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून आतल्या खोलीत आडवी झाली. काही ऐकू आलं नाही, कुठला रस्ता नाही, मांडव नाही. खोली होती तशीच होती, भिंतीवर ऊन होतं तसंच होतं. फक्त पलंगाच्या कडेला दिगंबर पाठमोरा बसून पायातले गमबूट ओढत होता. घोट्यांना व्हॉल्वच्या खड्ड्यातला चिखल लागलेला. एक बूट निघाला, दुसरा अडकला, तो पुटपुटला आणि जोर लावून त्यानं तोही काढला. मग त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते.

"आज लवकर आलीस?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. "साडेपाचला सुटतं आता."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि आपले चिखलाचे पाय बाजूला घेऊन तो पलंगावर जरा सरकून बसला.